ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला, पण लक्ष टिकत नाही, काय करावे?

गिरणाकाठ (धरणगाव तालुका)

नमस्कार. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून आमच्या भागातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो. कापसाच्या काटापट्ट्या (गाडीच्या वजनाच्या पावत्या) संगणकावर चढवणे, गाठींची आणि सरकीची बिले करणे, संध्याकाळी दिवसाची आवक जुळवून मालकांना देणे, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. यातले बरेचसे जुळवाजुळवीचे काम संगणकाकडूनच करून घेता येईल, असे वाटल्यामुळे मी जानेवारीत ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर एनपीटेलच्या (आयआयटींसारख्या संस्थांच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाच्या) बारा आठवड्यांच्या पायथन या संगणकीय भाषेच्या अभ्यासक्रमाला नाव नोंदवले.

पहिले तीन आठवडे उत्साहात गेले. चौथ्या आठवड्यात कारखान्यात आवक वाढली, घरी यायला रात्रीचे नऊ वाजू लागले आणि चौथी व पाचवी अशा दोन असाइनमेंट राहून गेल्या. आता सहावा आठवडा चालू आहे. वेळ मुळीच मिळत नाही असे मी म्हणणार नाही, कारण जेवणानंतर दीड तास तरी हाताशी असतो. त्या वेळात मी मोबाइलवर व्याख्यान लावतो, वही-पेन जवळ ठेवतो, आणि थोड्या वेळाने ध्यानात येते की सरांचा आवाज कानावर पडत होता, पण आत काहीच उतरलेले नाही. मागे नेऊन पुन्हा पाहतो; पुन्हा तेच होते. वेग दीडपट करून पाहिला, त्याने व्हिडिओ लवकर संपतो, इतकेच. मध्येच भाऊबंदांच्या गटावर लग्नाची पत्रिका येते, कापसाच्या भावाच्या गटावर दुसऱ्या दिवशीचा भाव येतो, आणि हा दुसरा गट मला कामासाठी पाहावाच लागतो.

प्रेरणा देणारी भाषणेही ऐकून झाली. तेवढ्यापुरता हुरूप येतो आणि दुसऱ्या रात्री पुन्हा तेच जांभया देणे सुरू होते. विशेष म्हणजे व्याख्यान पाहताना सगळे समजते आहे असे वाटते, पण असाइनमेंट उघडली की पहिली ओळ कशी लिहावी हेच सुचत नाही. नोकरी सांभाळून असे अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांनी लक्ष कसे टिकवले, आणि इतके मागे पडल्यावर पुढे चालू ठेवण्यात अर्थ आहे का, हे कृपया सांगावे.

---

फळा-खडू (अमळनेर)

मी वरिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या एनपीटेल नोंदणीचे कामही माझ्याकडे असते, म्हणून आधी गुणांचा हिशेब सांगतो. तो कळला की आपल्या मनावरचे निम्मे ओझे उतरेल. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात साधारणपणे बारापैकी सर्वोत्तम आठ असाइनमेंटची सरासरी धरली जाते आणि अंतिम निकालात तिला २५ गुण असतात. उरलेले ७५ गुण केंद्रावर जाऊन, पर्यवेक्षकांसमोर द्यायच्या परीक्षेचे. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० असे दोन्ही निकष स्वतंत्रपणे पूर्ण करावे लागतात. आपल्या अभ्यासक्रमाच्या माहितीपानावर हे एकदा पडताळून घ्या, कारण प्रोग्रामिंगच्या काही अभ्यासक्रमांत निकष थोडे निराळे असतात. पण वरचा नियम लागू असेल, तर आपल्या दोन असाइनमेंट बुडाल्याने गुणांचे काहीही नुकसान झालेले नाही. तीन झाल्या आहेत, सात शिल्लक आहेत आणि त्यांपैकी पाच चांगल्या झाल्या म्हणजे पुरे.

आता लक्षाविषयी. थोड्याच वेळात मन भरकटते याबद्दल आपण स्वतःला बोल लावता आहात, तो मला अनाठायी वाटतो. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रम देणाऱ्या संस्थेच्या अभ्यासक्रमांतील व्हिडिओ पाहण्याच्या सुमारे ६९ लाख नोंदींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. व्हिडिओ कितीही लांब असला तरी तो एका बैठकीत पाहिला जाण्याचा मध्यक कालावधी सहा मिनिटांच्या वर जात नाही, असे त्यात आढळले. एनपीटेल २००३ मध्ये सुरू झाले ते अभियांत्रिकीची वर्गातील शिकवणी दूरवर पोहोचवण्यासाठी, आणि त्या वर्गाची छाप आजही अनेक व्याख्यानांवर आहे. अर्ध्या तासाचे व्याख्यान वर्गात चालून जाते, कारण तिथे शिक्षकाची नजर असते, शेजारी कोणीतरी लिहीत असते. रात्री दहा वाजता पलंगावर मोबाइल धरून बसलेल्या माणसाकडून तीच अपेक्षा करणे रास्त नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की व्याख्यान आधी आणि असाइनमेंट नंतर, हा क्रम उलटा करावा. आठवडा सुरू झाला की प्रथम असाइनमेंट उघडून सर्व प्रश्न शांतपणे वाचावेत आणि प्रत्येक प्रश्नासमोर ‘येते’, ‘अर्धवट येते’, ‘काहीच कळले नाही’ असे वहीत लिहावे. त्यानंतर व्याख्यान लावले की आपण काहीतरी शोधत असता, आणि शोधणाऱ्याचे लक्ष सहसा ढळत नाही.

दुसरे म्हणजे सहा-सात मिनिटांनी व्हिडिओ थांबवून मोबाइल पालथा ठेवावा आणि आत्ताच काय सांगितले ते न पाहता लिहून काढावे. हे त्रासदायक असते, आणि ते त्रासदायक असणेच उपयोगाचे आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि काहींनी तो एकदा वाचून नंतर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना बरेच मागे टाकले. शिवाय पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला अधिक आठवेल असा विश्वासही जास्त होता. ‘पाहताना सगळे समजते आणि लिहायला बसले की सुचत नाही’ हा आपला अनुभव याच जातीचा आहे. मागे नेऊन पुन्हा पाहण्यात जो वेळ जातो, तोच कोऱ्या पानावर घालवून पाहावा.

---

अनेरकाठची सून (शिरपूर तालुका)

सरांनी सांगितले ते मला पटले, पण भाऊ, अभ्यास ज्या घरात करायचा त्या घराविषयीही थोडे बोलले पाहिजे. लग्नानंतर मी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी. ए. केले, तेव्हा अभ्यास म्हणजे टपालाने आलेली जाड पुस्तके असत. ती पुढ्यात उघडी असली की सासूबाई स्वतःहून मुलांना बाहेर काढत. आता पुढच्या अभ्यासाची व्याख्याने मोबाइलवर असतात, आणि मोबाइल हातात घेऊन बसलेली सून अभ्यास करते आहे यावर आमच्याकडे कोणाचाच विश्वास बसत नाही. ‘मोबाईलमा काय देखी ऱ्हायनी?’ असे जाता-येता विचारले जाते, आणि विचारणाऱ्याचे तरी काय चुकते? बाकीचे सगळे त्याच मोबाइलवर करमणूकच करत असतात. दर दहा मिनिटांनी कोणी ना कोणी काम सांगून उठवते, आणि अशा मोडलेल्या तासात कितीही निश्चयी माणसाचे चित्त स्थिर राहणार नाही.

यावर मी असा उपाय केला की व्याख्यानांचे लिखित रूप मिळते ते शिरपूरला झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले आणि स्पायरल बाइंडिंग करून घेतले. एनपीटेलच्या पुष्कळ व्याख्यानांचेही लिखित रूप उतरवून घेता येते. ते कागद मांडीवर घेऊन, हातात पेन्सिल धरून बसले, की घरच्यांच्या लेखी मी अभ्यासाला बसलेली असते. मोबाइल शेजारी कोनाड्यात उभा, आवाज कमी, आणि वाचताना अडले तरच तेवढा भाग ऐकायचा. यात माझाही फायदा झाला, कारण कागदावर संदेश येत नाहीत.

आणखी एक. तुमची वेळ घरातल्या एका मोठ्या माणसाला सांगून ठेवा, पण ‘मी रात्री अभ्यास करणार आहे’ अशी मोघम सांगू नका. ‘जेवणाची ताटे उचलली की साडेदहापर्यंत मला हाक मारू नका, त्यानंतर काहीही सांगा’ असे सांगितले, तर लोक ते पाळतात. पुरुषमाणसाला हे माझ्यापेक्षा सोपे जावे, असे मला वाटते, रागावू नका.

---

भुसावळकर (सध्या पुणे)

मी संगणक क्षेत्रात नोकरी करतो आणि थोडे वेगळे मत मांडतो. प्रेरणेची भाषणे कायमची बंद करा. ती ऐकताना काहीतरी केल्याचे समाधान मिळते, आणि तेच घातक असते, कारण त्या समाधानावर रात्र निघून जाते. पंचवीस मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती, ही फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस काढलेली पोमोदोरो पद्धत अनेकजण सुचवतील. वाचनासाठी ती ठीक आहे. प्रोग्राम लिहिताना मात्र चूक सापडण्याच्या बेतात असते आणि घंटा वाजते, असा माझा अनुभव असल्याने मी ती सोडून दिली. घड्याळापेक्षा ‘हा एक प्रश्न सुटेपर्यंत उठणार नाही’ अशी मर्यादा बरी, आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. भावाचा गट रात्री साडेदहाला पाहिला म्हणून कारखान्याचे काही अडणार नाही. आवक सकाळी येते.

पण माझा मुख्य मुद्दा निराळा आहे. आपण हा विषय काटापट्ट्यांसाठी घेतला, आणि सहा आठवड्यांत एकाही काटापट्टीला हात लावलेला दिसत नाही. अभ्यासक्रमातली उदाहरणे फळांच्या यादीची आणि विद्यार्थ्यांच्या गुणांची असतात. त्यांच्यात आपला जीव का गुंतावा? एका काटापट्टीवर काय असते ते पाहा. गाडीचा क्रमांक, गाव, भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, ओलावा, भाव. भरलेल्यातून रिकामे वजा करणे हा पहिल्या आठवड्याचा धडा झाला. ओलावा ठरलेल्या टक्केवारीच्या वर असेल तर कपात करायची, नाहीतर नाही, हा जर-तरचा धडा झाला. दिवसभराच्या सगळ्या पट्ट्यांवर तेच पुन्हा पुन्हा करायचे, हा लूपचा. गावनिहाय बेरीज करायची असेल तर डिक्शनरी (प्रत्येक नावासमोर त्याचा आकडा ठेवणारी यादी) लागते, जी बहुधा आपल्या राहून गेलेल्या आठवड्यांतच शिकवली असेल. शेतकऱ्यांची नावे बदलून आणि मालकांना विचारून दहा-वीस पट्ट्यांची एक फाइल करा आणि प्रत्येक आठवड्याचा धडा त्या फाइलवर चालवून पाहा. संध्याकाळची जुळवणी ज्या दिवशी त्या प्रोग्रामने बरोबर येईल, त्या दिवशी रात्री आपल्याला जांभया येणार नाहीत.

आणि परीक्षेचे शुल्क लगेच भरून टाका. अमेरिकेतील हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या एडएक्सवरील अभ्यासक्रमांचे आकडे २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आले होते. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी अवघ्या ३.१३ टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, पण पैसे भरून प्रमाणपत्राच्या वाटेने गेलेल्यांत हे प्रमाण ४६ टक्के होते. खिशातून पैसे गेले की माणूस बसतो.

---

फळा-खडू (अमळनेर)

काटापट्टीची कल्पना उत्तम आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी आता हेच उदाहरण देईन. मात्र शेवटच्या आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. पैसे भरल्यामुळे लोक अभ्यासक्रम पूर्ण करतात, की पूर्ण करण्याचा निश्चय असलेलेच पैसे भरतात, हे त्या आकडेवारीवरून ठरवता येत नाही. शुल्क भरूनही परीक्षेला न गेलेले विद्यार्थी मी दर सत्रात पाहतो. याउलट, दोघा-तिघांनी मिळून एकच अभ्यासक्रम घेतला आणि दर रविवारी एकमेकांना प्रोग्राम दाखवायचे ठरवले, तर गळती कमी होते, असे मी पाहिले आहे. आपल्या कारखान्यात किंवा तालुक्याच्या गावी असा एखादा सोबती मिळतो का, ते पाहावे. त्याला विषय येत नसला तरी चालेल. ‘या आठवड्यात काय लिहिलेस, दाखव’ एवढे विचारणारा माणूस पुरतो.

---

गिरणाकाठ (धरणगाव तालुका)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. असाइनमेंटचा नियम मी माहितीपानावर पाहिला. सर्वोत्तम आठांचाच आहे. काल रात्री ओलाव्याच्या कपातीचा जर-तर लिहून पाहिला. एका पट्टीवर उत्तर बरोबर आले, दुसरीवर चुकले, आणि चूक शोधण्यात जेवणानंतरचा सगळा वेळ गेला. पण मोबाइलची आठवण झाली नाही, हे मात्र खरे. सोबती म्हणून आमच्या काट्यावर बसणाऱ्या मुलाला विचारले आहे.

एक शंका उरली आहे. रात्री अंग इतके शिणलेले असते की कधी कधी वही समोर असतानाच झोप लागते. पहाटे उठावे म्हटले तर घरात एकच लॅपटॉप आहे आणि सकाळी तो मुलीच्या शाळेच्या कामाला लागतो. परीक्षा एप्रिलमध्ये आहे, आणि तेव्हा आमच्या पत्र्याच्या खोलीत रात्री अकरापर्यंत बसवत नाही. अशा वेळी कोण काय करते?

---

केळीबाग (रावेर तालुका)

मी घरची शेती पाहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, आणि उन्हाळ्याच्या प्रश्नावर माझ्याकडे पहाटेशिवाय दुसरे उत्तर नाही. आपल्याकडे मार्च सरता सरता पारा चाळिशीला टेकतो आणि मे महिन्यात रावेर-भुसावळकडे पंचेचाळिशीच्या आसपास जातो. दिवसभर तापलेला पत्रा मध्यरात्रीपर्यंत निवत नाही. जुनी धाब्याची घरे त्या मानाने गार असतात. शेजारी-पाजारी किंवा चुलत्यांकडे तशी एखादी खोली असेल, तर सरळ मागून घ्या. अभ्यासासाठी म्हटले की खान्देशात सहसा कोणी नाही म्हणत नाही.

लॅपटॉपविषयी असे सुचवतो की पहाटेच्या वेळेला तो लागणारच नाही असे काम ठेवावे. कोऱ्या कागदावर हाताने प्रोग्राम लिहावा, रात्री न सुटलेल्या प्रश्नाचा विचार करावा, मागच्या आठवड्यातले काय आठवते ते लिहून पाहावे. रात्री लॅपटॉप मोकळा असतो तेव्हा ते फक्त चालवून पाहायचे आणि चुका दुरुस्त करायच्या. हे काम हाताचे असल्याने बसल्या बसल्या झोप येत नाही. व्याख्यान ऐकणे हे सर्वांत झोप आणणारे काम, आणि आपण नेमके तेच सर्वांत थकलेल्या वेळेला ठेवले आहे.

शेतीपंपाची वीज आमच्याकडे पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला गव्हाला पाणी देताना बांधावर फिरत असतो आणि कानात व्याख्यान चालू असते, म्हणून अनुभवाने सांगतो : ऐकण्याचा उपयोग उजळणीला होतो, नवीन काही शिकायला होत नाही. इतिहास-भूगोल एकदा वाचून झाले असले तर बारे बदलता बदलता चांगली उजळणी होते. गणिताचे व्याख्यान तसे ऐकून काहीही हाती लागत नाही. प्रोग्रामिंगचेही तेच होईल. शिवाय शेतात रेंजचा भरवसा नसतो. व्हिडिओ गावात चांगले नेटवर्क असताना उतरवून घ्यावेत आणि मग मोबाइल विमान मोडवर टाकावा. तुमच्या भाऊबंदांची पत्रिका आपोआपच सकाळपर्यंत थांबते.

राहून गेलेले दोन आठवडे एकाच रविवारी उरकण्याच्या फंदात मात्र पडू नका. एका दमात केलेले लवकर विसरते, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते. रोज पहाटे त्यातला एकच व्हिडिओ घ्या.

---

फळा-खडू (अमळनेर)

रावेरच्या मित्रांनी वेळेची वाटणी छान सांगितली आहे. त्यात एवढेच जोडतो की राहिलेल्या दोन आठवड्यांचे गुण आता मिळणार नसले, तरी त्यांतला भाग सोडून पुढे जाता येणार नाही, कारण सातव्या-आठव्या आठवड्याचे प्रश्न त्यावर उभे असतात. तेव्हा पहाट जुन्या आठवड्यांना आणि रात्र चालू आठवड्याच्या असाइनमेंटला, अशी विभागणी ठेवा. काट्यावरच्या मुलाला सोबत घेतलेत हे चांगले झाले. ओलाव्याची कपात चुकली तर ती तोच सर्वांत आधी ओळखेल.

शुल्क भरल्याने अभ्यास होतो की नाही हा वाद बाजूला ठेवू, पण एक गोष्ट पाहून घ्या. अभ्यासक्रमाची नोंदणी विनाशुल्क असते. परीक्षेची नोंदणी निराळी करावी लागते आणि तिची मुदत परीक्षेच्या बरीच आधी संपते. परीक्षा केंद्रही त्याच अर्जात निवडायचे असते. जवळच्या केंद्रावरील जागा भरल्या, तर दूर जावे लागते आणि हंगामाच्या अखेरीस त्यासाठी रजा मागावी लागते. आज रात्री प्रोग्राम उघडण्याआधी ती तारीख पाहून घ्यावी.